पंख्याला दोष देऊ नका

मी एक जुनी साखळी आहे. लाकडी मण्यांची, मधूनच तोडलेली आणि चिडलेली. मित्रांनो, शेवटचा शब्द नीट वाचा. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की डोळे पुसत सांगतात, असा तुमचा अनुभव असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला रडू येत नाही, राग येतो. आणि सगळं ऐकून तुम्हालाही तो आला नाही, तर मी पालथ्या घड्यावर पाणी ओतलं असं समजेन.

नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, एका वर्गात, फळ्याशेजारी काचेचं कपाट आहे. त्यात एका बाजूला प्लास्टरचं हृदय आहे, त्याचा एक कप्पा कधीच नीट बंद होत नाही. दुसऱ्या बाजूला दात पडलेली कवटी आहे. मधे मी. माझ्याखाली पाटी आहे. त्या पाटीचीच ही सगळी भानगड आहे, पण आधी जन्माचं सांगते.

या वर्गात रक्ताचा विषय शिकवायला एक डॉक्टरीणबाई होत्या. सगळ्या मुली त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. त्यांचा तास नेमका दुपारच्या जेवणानंतर यायचा. मुली डोळे उघडे ठेवून झोपायच्या. बाई फळ्यावर एक लांब रेघ काढायच्या, तिच्यावर ओळीने खोकी काढायच्या, आणि खोक्यांत अक्षरं भरायच्या. रक्त थांबवणाऱ्या एका प्रथिनाची ती आकृती होती. व्हॉन विलेब्रांड फॅक्टर असं त्याचं लांबलचक नाव. ते उच्चारतानाच निम्म्या मुलींची जीभ अडखळायची. एकदा एका मुलीने वहीत ती आकृती इतकी मन लावून उतरवली की पुढे इंजिनही जोडलं.

बाईंनी ती वही पाहिली आणि त्यांचा पारा चढला. "इंजिन लावलंस, मग शिट्टी का राहिली? तीही वाजव!"

वर्ग खोखो हसला. बाई हसल्या नाहीत. घरी गेल्या, आणि त्याच रागात त्यांनी मला करायला घेतलं. तेव्हा राग हा माझ्या रक्तातच आहे म्हणा ना.

लहान मुलांच्या मोडलेल्या मणी-पाट्यांमधून त्यांनी मणी काढले. टकटक करून उघडणारी संपलेली पेनं मुलींनी फेकायची नाहीत, बाईंना आणून द्यायची, असा हुकूम निघाला. त्यातल्या स्प्रिंगा माझ्या पोटात गेल्या. शिंप्याकडून हूक आले. आता माझी रचना सांगते. कंटाळू नका, इंजिन नाही यात.

माझ्या प्रत्येक कडीत चार रंगांचे मणी आहेत. निळा मणी फाटलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतो. लाल मण्याला हूक आहे, तो प्लेटलेटना पकडतो. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या त्या बारीक चकत्या, ज्या भोकावर जाऊन बसतात आणि पहिलं बूच तयार करतात. हिरवा मणी म्हणजे बसायची जागा. रक्त गोठवणारा जो आठवा घटक आहे, तो या हिरव्या मण्यावर बसून अंगभर फिरतो. एकटा फिरला तर लवकर नाश पावतो बिचारा. आणि पांढरा मणी म्हणजे बिजागरी. त्यात स्प्रिंग आहे. ओढ बसली की पांढरा मणी उघडतो, आणि मी लांब होते. अशा कड्या एकमेकींना शेपटीला शेपटी, मग डोक्याला डोकं अशा जोडत गेलं की माझ्यासारखी लांबच लांब साखळी तयार होते.

एरवी मी गोळा होऊन पडलेली असते. हूक सगळे आत दडलेले. ते बरोबरच आहे. रक्त आपल्या वाटेने सुखाने वाहत असताना मी हूक बाहेर काढून हिंडले, तर नको तिथे गाठी व्हायच्या. पण कुठे कापलं, फाटलं, की मी भिंतीला चिकटते. वाहतं रक्त मला ओढतं, मी उलगडते, हूक बाहेर येतात, आणि प्लेटलेट पटापटा अडकतात.

हे दाखवायला बाईंनी माझ्या प्रत्येक कडीला कागदाचं एक छोटं शीड लावलं होतं. माझं एक टोक त्या एका लाकडी फळीवरच्या खिळ्याला अडकवायच्या. फळी म्हणजे फाटलेली रक्तवाहिनी. मग समोर टेबलपंखा लावायच्या. पंखा म्हणजे रक्ताचा जोर. सगळी शिडं एकदम वारा प्यायची आणि मी सुटायचे! फळ्यापासून थेट खिडकीपर्यंत! पांढरे मणी खटाखट उघडायचे. मुली दोऱ्याचे फासे बांधलेली बटणं माझ्यावर फेकायच्या, आणि ती हुकांत अडकून ढीग व्हायचा. एक बटण एकदा बाईंच्या अंबाड्यात अडकलं, तास संपेपर्यंत कोणी त्यांना सांगितलं नाही.

"जखमेला पहिला हात हिचा लागतो," बाई म्हणायच्या. "बाकीचे सगळे मागून येतात."

दुपारच्या तासाला मुली झोपेनाशा झाल्या. दुसऱ्या कॉलेजांतून शिक्षक मला बघायला यायचे. मी फुशारले होते, खोटं कशाला सांगू? मग बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी शिकवायला दुसरे डॉक्टर आले, त्यांना सगळे 'साहेब' म्हणत.

साहेब वाईट नव्हते. हे मला कबूल करावं लागतं, आणि कबूल करताना माझ्या कड्या करकरतात. माणूस टापटिपीचा. टेबलावर पेन तिरकं दिसलं तर सरळ करणार. तपासणीची समिती येणार म्हणून त्यांनी हे काचेचं कपाट करून घेतलं. मला गोळा करून ठेवलं तर गुंता दिसायचा, ताणून लावलं तर मी कपाटात मावत नव्हते. साहेबांनी कपाळाला हात लावून माझ्याकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाले, "कापा."

शिपाई घुटमळला. "साहेब, मोठ्या बाईंनी स्वतः केलेली आहे."

"अहो, सगळ्या कड्या सारख्याच तर आहेत. चार दाखवल्या काय नि चाळीस दाखवल्या काय! कळायचं ते कळतंच."

सगळ्या कड्या सारख्याच! हे वाक्य ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण लाकडाला जीभ नसते. कात्री आली, काम झालं. कपाटात मावेल एवढी मी उरले. बाकीचं माझं अंग कुठे गेलं माहीत आहे? साहेबांच्या खोलीतला पडदा बाजूला बांधून ठेवायला दोरी हवी होती. तिथे. समिती आली, कपाट बघून "वा, काय नीटनेटकं!" म्हणाली, चहा पिऊन गेली. आणि माझ्याखाली पाटी लागली, 'रक्त थांबवणारे प्रथिन'. अर्धमेल्या वस्तूखाली धडधाकटाचं नाव.

पुढची मजा ऐका. साहेबांनी मला फळीवर अडकवलं आणि पंखा लावला. माझ्या उरलेल्या चारदोन शिडांनी वारा तो किती धरावा? मी नुसती फडफडले. एकही पांढरा मणी उघडला नाही. एकही हूक बाहेर आला नाही. मुलींनी बटणं फेकली, ती टपाटप जमिनीवर पडली.

"पंखा जुना झालाय," साहेब म्हणाले.

नवा पंखा आला. मी फडफडले. मग खिडकीतून उलटा वारा येतो असं निघालं, खिडकी बंद झाली. मी फडफडले. मग विजेचा दाब कमी आहे असं ठरलं. शेवटी साहेब म्हणाले, "समजा, ही उघडली." त्या वर्षापासून मुली परीक्षेत तेच म्हणू लागल्या, "समजा, ही उघडली." वर्षामागून वर्षं मुली इथून शिकून गेल्या, वॉर्डावॉर्डांत उभ्या राहिल्या, आणि साखळी तोकडी असली तर काय होतं हे एकीलाही कळलं नाही. डोळ्यांसमोर टांगलेलं असताना! पंखे बदलले, पण माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

मग ती मुलगी आली. तिला मैत्रिणी 'कापूस' म्हणायच्या. तिच्या पर्समध्ये, खिशात, कंपासपेटीत, सगळीकडे कापूस. नाकातून रक्त आलं की पटकन बोळा लावायचा. ती माझ्या कपाटाला लागून, दाराजवळ बसायची, म्हणजे बाहेर पळायला सोपं. "कापसाचं दुकान उघडलंय गं," मैत्रिणी चिडवायच्या. तीही हसायची, नाक दाबून. पाळीच्या दिवसांत ती पांढरीफटक पडायची आणि जिना चढताना दोनदा बसायची. मित्रांनो, पाळीचा शब्द आला म्हणून इकडेतिकडे बघू नका. रक्ताची गोष्ट ऐकायची तर सगळं रक्त ऐकावं लागेल.

तिने एकदा तास संपल्यावर साहेबांना विचारलं. मी काचेआडून ऐकत होते.

"प्लेटलेट मोजल्यास?" साहेबांनी विचारलं.

"मोजल्या सर. भरपूर आहेत."

"गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या?"

"त्याही ठीक आल्या."

"मग झालं तर! काही मुली असतात नाजूक. लोहाच्या गोळ्या घे."

मी मागेच टांगलेली होते. हाताच्या अंतरावर! त्यांनी मान वळवली असती तरी पुरलं असतं. पण साहेबांना वाटायचं, रक्त न थांबण्याचा आजार म्हणजे हिमोफिलिया, आणि तो होतो मुलग्यांना. हिमोफिलियात तो आठवा घटक कमी पडतो किंवा नसतोच, आणि तो बहुतेक मुलग्यांनाच त्रास देतो, हे खरं आहे. पण साखळी तोकडी असण्याचा माझा आजार मुलगा-मुलगी बघत नाही. उलट पाळी आणि बाळंतपण यांमुळे बायकांना तो जास्त जाचतो. पण बायकांचं रक्त गेलं तर विचारतो कोण?

तिची आईसुद्धा विचारत नव्हती. एकदा ती मुलीला भेटायला आली, याच वर्गात बाकावर बसली, आणि म्हणाली, "अगं, आमच्या माहेरी सगळ्यांना असंच. बाईच्या जातीला हे चुकलंय का?" वाईट हेतूने नाही म्हणाली. तिलाही तसंच सांगून गप्प केलेलं असणार.

तर या मुलीचे टॉन्सिल सारखे सुजायचे. परीक्षा संपली की सुट्टीत ते काढून टाकायचे, असं ठरलं. घसा म्हणजे रक्ताने भरलेली जागा. तिथे सुरी लागणार, आणि आत माझ्यासारखी साखळी. मला कळत होतं आणि मी काचेआड लोंबकळत होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक यायचे असतात. त्या वर्षी आल्या बाई. केस पांढरे झालेले, आवाज तोच. प्रत्येक मुलीने एका नमुन्यापुढे उभं राहून माहिती सांगायची होती. कापूसच्या वाट्याला मी आले. तिने मला फळीवर अडकवलं, पंखा लावला, आणि घडाघडा म्हणाली, "रक्ताच्या ओढीने ही साखळी उघडते. समजा, ही उघडली..."

"समजा?" बाईंनी मान वर केली. "समजा कशाला? उघड की."

साहेब पुढे झाले. "मॅडम, तो पंख्याचा जरा प्रॉब्लेम आहे."

बाई उठून आल्या. त्यांनी मला हातात घेतलं, बोटांनी चाचपत शेवटच्या मण्यापर्यंत गेल्या, आणि शेवट फारच लवकर आला.

"पंख्याला काय धाड भरलीय? वादळासारखा फिरतोय! साखळी कोणी कापली?"

मुली साहेबांकडे बघू लागल्या. मग साहेब हळूच म्हणाले, "कपाटात मावत नव्हती. कड्या सगळ्या सारख्याच आहेत, म्हणून म्हटलं..."

"सारख्याच असतात. दोरही सगळा सारखाच असतो. अर्धाच विहिरीत सोडून बघा, पाणी येतं का!"

मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुखावले. मित्रांनो, आपल्या मनातलं कोणीतरी खणखणीत बोलतं तेव्हा काय वाटतं, ते तुम्हाला माहीत असेल. बाई आता मुलींकडे वळल्या होत्या. रागात होत्या, पण शिकवायचं सोडवत नव्हतं.

"नीट बघून घ्या. काही माणसांच्या अंगात जन्मापासून हीच साखळी असते, अशी तोकडी. अंगात एक कात्री असते, ती साखळ्या नेमाने छाटत असते. यांच्या पांढऱ्या मण्यात खोट असते, म्हणून ती वाजवीपेक्षा जास्त कापते. कधी साखळी मुळात लांब बनतच नाही. मग प्लेटलेट भरपूर असतात, नेहमीच्या तपासण्या ठीक येतात, आणि तरी नाकाचं रक्त थांबत नाही. दात काढला की दोन-तीन दिवस तोंड रक्ताने भरतं. पाळीत मुलगी पांढरी पडते, आणि लोक म्हणतात, नाजूक आहे."

कापूसच्या हातातली बटणं खाली सांडली. "बाई, तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं?"

"माझं."

पंखा चालूच होता. बाईंनी तो स्वतः बंद केला, आणि तिला बाकावर बसवून एकेक विचारायला लागल्या. तिच्या टॉन्सिलचं ऐकलं तेव्हा त्या साहेबांकडे वळून एवढंच म्हणाल्या, "खास तपासणी झाल्याशिवाय हिच्या घशाला कोणी हात लावायचा नाही."

गोष्ट इथे संपली असती तर मी इतकी चिडकी राहिले नसते. साहेबांनी तपासणी करवली, पण घाईने. मुलीचे टॉन्सिल सुजलेले, अंगात ताप, तशातच रक्त घेतलं. उत्तर आलं की प्रथिन भरपूर आहे. सुट्टी लागलेली, वर्ग रिकामा. साहेब टेबलाशी बसले होते, आई बाकावर होती, मुलगी उभी.

"बघा, सगळं ठीक आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात केवढा सुटकेचा भाव होता!

"झालं ना समाधान?" आई मुलीला म्हणाली. "चल, उद्या भरती हो. सुट्टी संपत आली."

"रक्त तापात घेतलंय, सर." मुलीचा आवाज घशातून जेमतेम फुटत होता. "बाई म्हणाल्या होत्या, तापात आणि धसक्यात अंग जास्तीच्या साखळ्या सोडतं. आकडा फसवतो. आणि किती आहेत तेच बघितलंय. लांब आहेत की तोकड्या, ते बघितलंच नाही."

"आता तू मला शिकवणार का?"

"अगं, सर बोलतायत ना!" आई कळवळून म्हणाली. "मोठ्या माणसांना उलट बोलतात का?"

"आई, सुरी माझ्या घशात जाणार आहे. सरांच्या नाही. मी सही करणार नाही."

साहेब लाल झाले. आता हे खेकसणार, असं मला वाटलं. त्यांनी मान वळवली आणि कपाटाकडे पाहिलं. माझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला पाहिलं. मग फोन उचलून सर्जनला म्हणाले, "उद्याचं ऑपरेशन थांबवा. माझी तपासणी चुकली असेल."

लोक म्हणतात, त्या एका फोनसाठी त्यांना माफ कर. नाही करत. फोन त्यांनीच केला एवढं मात्र सांगते, कारण ते खरं आहे.

ताप उतरल्यावर रक्त पुन्हा घेतलं आणि मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे साखळ्यांची लांबी बघतात. तोकड्या साखळ्या होत्या. लांब एकही नव्हती. मग ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तिला तेच प्रथिन, धडधाकट लांबीचं, बाहेरून शिरेतून दिलं. टॉन्सिल निघाले. रक्त थांबलं. जसं कोणाचंही थांबतं तसंच थांबलं.

तोवर सुट्टी संपली होती आणि परत आलेल्या मुलींनी नवी साखळी केली, फळ्यापासून खिडकीपर्यंत पोचणारी. माझं पडद्याला बांधलेलं अंगही साहेबांनी स्वतः सोडून आणलं. मला वाटलं, आता मला जोडतील, पुन्हा लांब करतील. बाई म्हणाल्या, "नको. ही अशीच राहू दे, पाटी तेवढी बदला." आता माझ्याखाली 'आजारी साखळी' असं लिहिलं आहे. पटलं, पण राग आलाच. येणारच.

घरी जायच्या आधी ती मुलगी आईला घेऊन वर्गात आली. घसा दुखत असल्यामुळे तिला बोलायला मनाई होती. बाई होत्या. हा आजार रक्ताच्या नात्यातून येतो, म्हणून आईलाही तपासायचं होतं. बाईंनी दोन्ही साखळ्या फळीवर अडकवून पंखा लावला. नवी सुटली आणि खिडकीला जाऊन भिडली. मी फडफडले. आई नवीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"माझी धाकटी बहीण होती," ती म्हणाली. "तिच्याही नाकातून असंच रक्त यायचं. दात काढला तेव्हा उशी भिजली होती. पहिल्या बाळंतपणात गेली. रक्त थांबलंच नाही. सगळे म्हणाले, तिचं नशीब."

बाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या.

"हिला जे शिरेतून दिलंत, ते औषध तेव्हा होतं?"

"होतं," बाई म्हणाल्या.

आई उठली. काचेवर दोन्ही हात आपटले. एवढ्या जोरात की कवटी हलली. "मग आम्हाला कोणी विचारलं का नाही हो? एकाने तरी! सगळ्या घराला ठाऊक होतं तिचं नाक, तिचे दात! कोणी विचारलंच नाही!"

मुलीला बोलायची मनाई होती. तिने आईला मागून धरलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. बाईंनी पंखा बंद केला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, माझी निगा राखा. मी म्हणणार नाही. काच पुसा, नका पुसू, लाकडाला काय त्याचं! पण घरात कोणी म्हणालं की रक्त फार जातंय, तर 'होतंच' म्हणून तोंड फिरवू नका. विचारा. किती जातं? कधीपासून? नाकातूनही येतं का? दात काढला तेव्हा काय झालं? आईला असंच होतं का? मावशीला? आणि मग डॉक्टरांपुढे जाऊन हे सगळं मोठ्याने सांगा. ते 'नाजूक आहे' म्हणाले तर पुन्हा सांगा. हे विचारायला मोठी विद्या लागत नाही. त्या मावशीला यातला एक प्रश्न जरी कोणी विचारला असता, तर आज तीही त्या बाकावर बहिणीशेजारी बसली असती.